पास टाकणारा हात: गस डोरेचं प्रकरण

क्रिकेटच्या धावफलकातली एक रीत मला फार मोलाची वाटते. 'झे. सोलकर गो. बेदी.' बळी एक, नावं दोन. चेंडू टाकणाऱ्याचं श्रेय टाकणाऱ्याला, झेलणाऱ्याचं झेलणाऱ्याला. पन्नास वर्षांनी कुणी तो कागद उघडला तरी हिशेब चोख सापडतो.

अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात एका सामन्याचा हिशेब असा चोख राहिला नाही. 1 नोव्हेंबर 1913 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट पॉइंट इथे, लष्करी अकादमीच्या मैदानावर, इंडियानातल्या नोटर डेम या कॅथलिक कॉलेजने आर्मीच्या संघाला 35-13 असं हरवलं. त्या दिवशी नोटर डेमचा चेंडू हवेतून फिरत होता. या खेळाशी थोडीफार ओळख असलेल्या कुणालाही विचारा, त्या सामन्याचं म्हणून नाव येईल नूट रॉकनीचं. रॉकनी चेंडू झेलत होता. टाकत होता गस डोरे.

टाकणारा मागे का पडला, हे समजून घेण्यासाठी मी या माणसाचं प्रकरण उघडलं. त्याच्यावर अन्याय झाला असं एका वाक्यात म्हणून मोकळं होता येईल, पण ते पुरेसं खरं नाही.

आधी खेळाची तेव्हाची अवस्था. 1905 सालचा अमेरिकन कॉलेज फुटबॉल म्हणजे जवळपास रणधुमाळीच होती. दोन्ही बाजूंची माणसं खांद्याला खांदा लावून एकमेकांवर कोसळायची, ढिगाखाली सापडलेल्याचे हातपाय मोडायचे. त्या एका हंगामात मेलेल्या खेळाडूंचा आकडा वर्तमानपत्रांनी 18-19 असा छापला होता. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून खेळ सुधारा असं बजावलं. त्या दबावातून 1906 साली नियम बदलले आणि चेंडू हाताने पुढे फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली.

परवानगी मिळाली खरी, पण पायात बेड्या घालूनच. पास कुणाचाही हात न लागता जमिनीवर पडला तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याकडे जायचा. म्हणजे एक फसलेला प्रयत्न आणि हातातला डाव गेला. पुढे पासच्या अंतरावर 20 यार्डांची मर्यादाही आली. अशा अटींवर शहाणा प्रशिक्षक पास टाकायला सांगेलच कशाला? सेंट लुई विद्यापीठाचा एडी कोचम्स हा सन्माननीय अपवाद. त्याच्या संघाने सप्टेंबर 1906 मध्येच, विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा गावी, पहिला कायदेशीर पास टाकला. तो पहिला पास खाली पडला आणि नियमाप्रमाणे चेंडूही गेला. त्याच सामन्यात पुढे ब्रॅडबरी रॉबिन्सनने टाकलेला पास जॅक श्नायडरने पकडला. पूर्वेकडच्या मोठ्या कॉलेजांनी मात्र पुढची सहा-सात वर्षं याकडे फारसं गांभीर्याने पाहिलं नाही.

1912 साली नियमांची मोठी डागडुजी झाली. मैदान 110 यार्डांवरून 100 यार्डांवर आलं, दहा यार्ड मिळवायला तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याला, सहा गुण झाले आणि पासवरची 20 यार्डांची मर्यादा गेली. चेंडूही जरा निमुळता झाला. मागे एकच अडचण उरली. पास टाकणाऱ्याने, चेंडू जिथून खेळात येतो त्या रेषेच्या किमान पाच यार्ड मागे उभं राहायचं, हा नियम कायम होता. दार उघडं झालं होतं, फक्त आत पाऊल टाकणारं कुणीतरी हवं होतं.

चार्ल्स एमिल डोरेचा जन्म 2 जुलै 1891 चा, विस्कॉन्सिनमधल्या चिपेवा फॉल्सचा. लाकडाच्या वखारींचं आणि करवतींच्या कारखान्यांचं गाव, आणि हे फ्रेंच वळणाचं आडनाव. 'गस' हे नाव त्याला कॉलेजात चिकटलं. फ्रेंच चित्रकार गुस्ताव डोरे याच्या आडनावाशी उच्चार जुळतो म्हणून मुलांनी त्याला गुस्ताव केलं आणि त्याचा झाला गस. अंगापिंडाने तो किरकोळच, उंची पाच फूट सात इंचांच्या आसपास आणि वजन जेमतेम 145 पौंड, म्हणजे 66 किलो. धडका देण्याच्या त्या खेळात हा मुलगा 1910 पासून सलग चार हंगाम नोटर डेमचा क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे डाव पुकारणारा, चेंडू कुणाकडे जायचा ते ठरवणारा. त्या चार वर्षांत संघ 24 सामने जिंकला, 3 बरोबरीत सुटले आणि हरला फक्त 1. तोही पहिल्याच वर्षी.

रॉकनी त्याचा खोलीतला जोडीदार. नॉर्वेतल्या व्हॉस इथे जन्मलेला, लहानपणी शिकागोला आलेला, टपाल खात्यात नोकरी करून पैसे साठवून बाविसाव्या वर्षी कॉलेजात दाखल झालेला. वयाने डोरेपेक्षा तीन वर्षांनी मोठा.

1913 च्या उन्हाळ्यात दोघं ओहायोत, ईरी सरोवराकाठच्या सीडर पॉइंट या सहलीच्या ठिकाणी कामाला होते. नवा प्रशिक्षक जेसी हार्पर रुजू होणार होता आणि या दोघांनी एक चेंडू बरोबर नेला होता. कामातून सुटका झाली की किनाऱ्यावर सराव. इथे जरा थांबायला हवं, कारण खरा शोध इथे लागला.

तोवर पास झेलायची पद्धत अशी होती: खेळाडू धावत ठरलेल्या जागी जायचा, थांबायचा, मागे वळायचा आणि येणारा चेंडू पोटाशी कवटाळायचा. धान्याचं पोतं अंगावर घ्यावं तसा. थांबला की प्रतिस्पर्धी त्याच्यावर येऊन आदळलाच म्हणून समजा. या दोघांनी किनाऱ्यावर उलटं सुरू केलं. रॉकनीने थांबायचंच नाही. पूर्ण वेगात धावत असताना, खांद्यावरून येणारा चेंडू दोन्ही हातांच्या सैल बोटांनी टिपायचा आणि पाऊल न अडखळता पुढे जायचं.

झेलण्याची ही तऱ्हा लक्षात राहते, कारण ती डोळ्यांना दिसते. पण झेलणारा थांबणार नसेल तर टाकणाऱ्याचं काम काय होतं ते पाहा. माणूस जिथे आहे तिथे चेंडू टाकून उपयोग नाही. दीड-दोन सेकंदांनी तो जिथे पोहोचेल त्या रिकाम्या जागेवर चेंडू पाठवायचा. त्या काळचा चेंडू आजच्यापेक्षा बराच गोलमटोल, एका पंजात न मावणारा. त्याला फिरकी देऊन सरळ न्यायचा तर बोटांची पकड आणि मनगटाचं वळण दोन्ही हुकमी हवं. आणि हे सगळं रेषेच्या पाच यार्ड मागून, समोरून तगडे गडी अंगावर चालून येत असताना. आज अमेरिकेत शाळकरी पोरंही असे पास टाकतात, म्हणून यात काही विशेष वाटत नाही. 1913 साली हे शिकवणारा कुणी नव्हता. डोरेने ते रॉकनीच्या पावलांवर नजर ठेवून स्वतःच बसवलं.

आता वेस्ट पॉइंट. आर्मीने नोटर डेमला प्रवासखर्चापोटी 1,000 डॉलर कबूल केले होते. अठरा-एकोणीस खेळाडू नोटर डेमच्या साउथ बेंड गावाहून आगगाडीने निघाले, शिदोरी बरोबर बांधून घेऊन. पूर्वेकडे या कॉलेजचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. आर्मीचा प्रशिक्षक चार्ल्स डेली स्वतः एके काळी हार्वर्डचा नामांकित क्वार्टरबॅक होता, आणि त्याचा संघ दणकट होता. प्रेक्षक असतील तीन-चार हजार.

सुरुवातीला नोटर डेमला सूर सापडत नव्हता. मग डोरेने पास सुरू केले. रॉकनी पुढे ही गोष्ट रंगवून सांगायचा: दोन-तीन डाव तो मुद्दाम लंगडत पळाला. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या आर्मीच्या गड्याने गडी निकामी झाला असं समजून लक्ष काढलं. पुढच्या डावाला रॉकनीने लंगडणं सोडलं आणि सुसाट सुटला. चेंडू आकाशातून येऊन वेग न मोडता त्याच्या हातांत बसला. टचडाउन. मैदानावर क्षणभर सन्नाटा पसरला होता, असं तो म्हणायचा.

या प्रसंगात लंगडण्याची हुशारी रॉकनीची. पण रॉकनी लंगडायचं सोडून सुटला तेव्हा चेंडू कुठे टाकायचा हा निर्णय पाच यार्ड मागे उभ्या असलेल्या 66 किलोच्या माणसाने घेतला होता. गोष्ट सांगताना ही बाजू गळून जाते.

आर्मीने हार मानली नाही. दोन टचडाउन करून 13-7 अशी आघाडी घेतली. मध्यांतराला नोटर डेम 14-13 असं निसटतं पुढे होतं. उत्तरार्धात मात्र आर्मीला एकही गुण मिळाला नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पास अडवायला आर्मीचे खेळाडू मागे सरकले, पांगले. मधली फळी विरळ झाली. डोरेने ते ओळखलं आणि चेंडू रे आयकनलॉबच्या हाती द्यायला सुरुवात केली. आयकनलॉब म्हणजे धिप्पाड फुलबॅक, चेंडू घेऊन धडक मारत धावणारा. त्याने मधून मुसंड्या मारल्या. तो थांबवायला आर्मीचे गडी पुन्हा पुढे गोळा झाले की डोरे डोक्यावरून पास टाकायचा. एकेक टचडाउन असा वाढत गेला. सगळ्या सामन्याचे मिळून: एक रॉकनीचा, दोन आयकनलॉबचे, दोन जो प्लिस्काचे. पाच टचडाउन, आणि प्रत्येकानंतरची, एका जादा गुणाची किक डोरेची. पासचा हिशेब सांगितला जातो तो 17 पैकी 14 यशस्वी, 243 यार्ड. ज्या काळात अख्खा हंगाम एवढे पास न टाकता जायचा, त्या काळातले हे आकडे आहेत.

माझ्या मते डोरेची खरी करामत त्या 14 पासांपेक्षा या अदलाबदलीत आहे. हवेतून जाण्याची भीती दाखवून जमिनीवरचा रस्ता मोकळा करायचा आणि जमिनीवरच्या धडकेने हवा मोकळी करायची. आजचा प्रत्येक क्वार्टरबॅक हेच करतो. आर्मीनेही धडा लगेच गिरवला. चार आठवड्यांनी त्यांनी स्वतः पास वापरून नेव्हीला, म्हणजे नौदल अकादमीच्या संघाला, 22-9 असं हरवलं. त्या हंगामात आर्मीची हार एकच, नोटर डेमकडून झालेली. नोटर डेमने पुढे पेन स्टेट आणि टेक्सासला त्यांच्या मैदानांवर जाऊन हरवलं आणि सातही सामने जिंकून वर्ष संपवलं. डोरेची निवड वर्षाच्या अखिल अमेरिकन संघात, म्हणजे देशभरातल्या कॉलेजांतून निवडलेल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत झाली. नोटर डेमच्या खेळाडूला असा सर्वमान्य मान पहिल्यांदाच मिळत होता.

इथवर टाकणारा कुठेही मागे नव्हता. उलट 1913 अखेर डोरेचंच नाव मोठं होतं. त्यामुळे रॉकनीच्या छायेत तो पहिल्यापासून होता हे म्हणणं चुकीचं आहे.

फाटा फुटला 1914 मध्ये. आयोवातल्या डब्यूक कॉलेजला प्रशिक्षक हवा होता आणि जागा एकच होती. दोघांनी नाणं उडवलं, डोरे जिंकला आणि डब्यूकला गेला, अशी कथा सांगतात. रॉकनी नोटर डेमलाच राहिला, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आणि मैदानावर हार्परचा सहायक म्हणून. त्या दिवशीच्या हिशेबाने डोरेची सरशी झाली होती. स्वतंत्र कारभार, मुख्य प्रशिक्षकाची जागा, वय अवघं तेवीस. रॉकनीच्या वाट्याला दुय्यम काम. पण 1918 साली हार्पर निवृत्त झाला आणि ती दुय्यम जागा मुख्य झाली.

डोरेची पुढची वाट बघा. डब्यूकला चार हंगाम. मग महायुद्धात लष्करी सेवा. 1919 मध्ये तो नोटर डेमला परतला तो रॉकनीचा सहायक म्हणून. एके काळी ज्याच्या धावेवर आपण पास टाकले त्याच्या हाताखाली काम करायचं. त्यात त्याला कमीपणा वाटला असं कुठे दिसत नाही, मैत्री शेवटपर्यंत टिकली. 1920 मध्ये तो थेट दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅनच्या गोंझागा विद्यापीठात गेला. जेझुइट पाद्र्यांची लहानशी संस्था. 1922 च्या नाताळच्या दिवशी सॅन दिएगोला गोंझागाची गाठ वेस्ट व्हर्जिनियाच्या अपराजित संघाशी पडली. 21-0 अशी पिछाडी असताना डोरेच्या पोरांनी शेवटच्या टप्प्यात 13 गुण काढले. सामना 21-13 असा हरले, पण त्या चिवटपणाची चर्चा जास्त झाली. त्याच्या या संघातला ह्यूस्टन स्टॉकटन हा पुढे बास्केटबॉलमध्ये नाव काढणाऱ्या जॉन स्टॉकटनचा आजोबा. डोरेच्या शेवटच्या वर्षी, 1924 मध्ये, गोंझागा एकही सामना हरलं नाही.

1925 ला डेट्रॉईट विद्यापीठ. हीही जेझुइट संस्था, शहरात, मॅकनिकल्स रोडवर. इथे तो अठरा हंगाम राहिला. 113 विजय, 48 पराभव, 7 बरोबरी. 1928 ला तर नऊच्या नऊ सामने जिंकले. लहान विद्यापीठ, मोठमोठ्या राज्य विद्यापीठांइतका पैसा नाही, आणि तरीही दोन दशकं हे जमवणं सोपं नव्हतं.

1937 चा सप्टेंबर मला या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत गोड क्षण वाटतो. शिकागोच्या सोल्जर फील्डवर दरवर्षी नुकत्याच कॉलेज संपवलेल्या निवडक मुलांचा संघ व्यावसायिक विजेत्यांशी खेळायचा. मुलं तोवर एकदाही जिंकली नव्हती. त्या वर्षी प्रशिक्षक डोरे होता, समोर ग्रीन बे पॅकर्स, आणि मुलांच्या बाजूने पास टाकायला टेक्सासचा सॅमी बॉ, जो पुढे या खेळातल्या सर्वश्रेष्ठ पास टाकणाऱ्यांत गणला गेला. सामना सुटला 6-0, मुलांच्या बाजूने. सामन्यातला एकुलता एक टचडाउन बॉच्या लांब पासवर गेनेल टिन्स्लीने केला. चोवीस वर्षांपूर्वी गोलमटोल चेंडूने वेस्ट पॉइंटची फळी फोडणारा माणूस त्या रात्री मैदानाच्या कडेला उभा होता.

1943 मध्ये त्याने व्यावसायिक खेळात पाऊल टाकलं, डेट्रॉईट लायन्सचा प्रशिक्षक म्हणून. आदल्या वर्षी हा संघ अकराच्या अकरा सामने हरलेला होता. युद्धामुळे खेळाडूंची वानवा. त्याच हंगामात पावसात न्यूयॉर्क जायंट्सशी 0-0 अशी बरोबरी झाली. एनएफएल या त्या व्यावसायिक लीगमध्ये त्यानंतर एकही सामना शून्य-शून्य सुटलेला नाही. आयुष्यभर पासचा पुरस्कार करणाऱ्या माणसाच्या खात्यावर ही नोंद असावी याचं मला वाईट वाटतं, पण चिखलात चेंडू फेकता येत नाही. 1944 ला लायन्स 6 सामने जिंकले, 1945 ला 7. रसातळाला गेलेला संघ त्याने दोन वर्षांत वर काढला. मग युद्ध संपलं, खेळाडू परतले, इतर संघ भरभक्कम झाले आणि 1946 मध्ये लायन्सच्या वाट्याला 10 पराभव आणि 1 विजय आला. 1947 नंतर त्याची जागा गेली.

तर मग टाकणारा मागे का पडला?

पहिलं कारण सरळ आहे आणि ते मान्य करायला हवं. प्रशिक्षक म्हणून रॉकनी मोठाच होता. तेरा हंगामांत 105 विजय, 12 पराभव, 5 बरोबरी. त्याच्या जवळ जाणारी कामगिरी शोधावी लागते. शिवाय बोलायला पट्टीचा, वर्तमानपत्रांना हवाहवासा. 31 मार्च 1931 रोजी कॅन्ससमध्ये विमान कोसळून तो गेला तेव्हा अख्खा देश हळहळला. 1940 साली त्याच्यावर सिनेमा निघाला आणि त्यानंतर किनाऱ्यावरचा तो उन्हाळा लोकांच्या मनात रॉकनीचा म्हणून पक्का झाला. रॉकनीला स्वतःला हे पटलं नसतं. पास आपण शोधला नाही, सेंट लुईच्या लोकांनी आपल्या कितीतरी आधी तो वापरला, हे त्याने जाहीरपणे सांगितलेलं आहे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याकडे लक्ष जात नाही. माणसाची आठवण माणसं ठेवतात त्याहून जास्त संस्था ठेवतात. दर शनिवारी ऐंशी हजार लोक एका मैदानावर जमतात, तिथे जुने पुतळे असतात, जुन्या गोष्टी नव्या पोरांना सांगितल्या जातात. रॉकनीला हे सगळं लाभलं, कारण नोटर डेमचा फुटबॉल कधी थांबला नाही. डोरेने आपली वर्षं ज्या घरांत घातली त्यांचं काय झालं? गोंझागाने 1941 च्या हंगामानंतर फुटबॉल बंद केला तो कायमचा. आज ते नाव घेतलं की लोकांना बास्केटबॉल आठवतो. डेट्रॉईट विद्यापीठाने 1964 नंतर संघ मोडला. आठवण ठेवणारं घरच राहिलं नाही. 113 विजयांची तिथी कोण पाळणार?

आणि तिसरं, अगदी साधं. झेल दिसतो. छायाचित्रात, गोष्टीत, सिनेमात चेंडू पकडून धावणारा माणूस उठून दिसतो. रिकाम्या जागेवर चेंडू पाठवणारा तोवर चौकटीबाहेर गेलेला असतो, बहुतेक वेळा चार जणांच्या ढिगाखाली.

3 जानेवारी 1954 रोजी मिशिगनमधल्या बर्मिंगहॅम इथे डोरे वारला. त्याच वर्षी कॉलेज फुटबॉलच्या सन्मान दालनात त्याचं नाव लागलं. रॉकनीचं नाव तिथे तीन वर्षं आधीच, पहिल्या तुकडीत लागलेलं होतं. डेट्रॉईट परिसरात आज मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. कामानिमित्त कुणी मॅकनिकल्स रोडवरून गेलं तर विद्यापीठ अजून जागेवर आहे. ज्या स्टेडियममध्ये डोरेने अठरा वर्षं मुलांना पास टाकायला शिकवलं, ते 1971 मध्ये पाडलं.